डोक्याला पट्टी, पण हाताला सराव कुठे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे मेंदूला बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या पट्ट्यांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. डोक्याला पट्टी बांधून वीस मिनिटे स्वस्थ बसले की बॅडमिंटनमधला फटका, गिटारवरची बोटे, टंकलेखनाचा वेग आणि पक्षाघाताने लुळा पडलेला हात हे सारे सारख्याच सहजतेने सुधारते, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. शेवटी खरेदीसाठी क्यूआर कोड आणि सवलतीची मुदत दिलेली असल्यामुळे तो लेख म्हणून वाचावा की जाहिरात म्हणून, असा प्रश्न पडला. मी ठाण्यात नौपाडा भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पक्षाघाताचे रुग्ण बरेच असतात. त्यांचे नातेवाईक त्या पानाचे कात्रण किंवा मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘हे आणू का?’ असे विचारू लागले आहेत. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगता येत नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे सांगायला हवे की या पद्धतीमागे खरे संशोधन आहे आणि तिला सरसकट भोंदूगिरी ठरवणे अन्यायाचे होईल. टीडीसीएस या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत त्वचेवर ठेवलेल्या दोन इलेक्ट्रोडमधून साधारण एक ते दोन मिलिअँपिअरची दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, विद्युतधारा मेंदूकडे सोडली जाते. कवटीला कोठेही छेद द्यावा लागत नाही. कल्पना जुनी आहे. गॅल्व्हानीचा भाचा जिओव्हानी अल्दिनी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच विषण्णतेच्या रुग्णांवर विजेचे प्रयोग केले होते. आधुनिक पर्व मात्र २००० साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे सुरू झाले. मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मोटर कॉर्टेक्सवर एक मिलिअँपिअरचा प्रवाह काही मिनिटे दिला आणि त्यानंतर चुंबकीय स्पंद देऊन हाताचा एक छोटा स्नायू किती जोराने आखडतो हे मोजले. धन इलेक्ट्रोड त्या भागावर असेल तर प्रतिसाद वाढला, ऋण असेल तर घटला आणि हा बदल सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की १३ मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम प्रवाह थांबल्यावरही तास-दीड तास टिकतो.

मनोविकारांवर भूल देऊन जो ‘शॉक’ दिला जातो त्याच्याशी याची गल्लत करू नये, कारण तेथील विद्युतधारा शेकडो पटींनी मोठी असते आणि मेंदूत झटका आणणे हाच तिचा हेतू असतो. टीडीसीएसचा प्रवाह इतका क्षीण असतो की तो स्वतःहून एकाही मज्जापेशीला पेटवू शकत नाही. आधीच कामात गुंतलेल्या पेशीची प्रतिसाद देण्याची तयारी तो किंचित वाढवतो, एवढेच. तो दार उघडत नाही, फक्त कडी सैल करतो, आणि दार ढकलणारे कोणी नसेल तर सैल कडीचा काही उपयोग नाही. हा मुद्दा ‘स्वस्थ बसा आणि शिका’ म्हणणाऱ्या जाहिरातीच्या मुळावरच येतो, म्हणून त्याचा पुरावा थोडा विस्ताराने देते.

२००३ साली ग्योटिंगेनच्याच गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर खूण उमटेल तसतसे ठराविक बोटाने बटण दाबायचे, खुणांचा क्रम मधूनमधून तोच येत राहतो पण ते सहभागी व्यक्तीला सांगितलेले नसते आणि तरीही बोटे हळूहळू तो क्रम पकडतात, असे त्याचे स्वरूप होते. मोटर कॉर्टेक्सवर धन इलेक्ट्रोड ठेवून हा सराव करणाऱ्यांची बोटे तो क्रम अधिक चांगला शिकली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग गाठण्याच्या खटपटीत असलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा प्रयोग ओळखीचा वाटेल आणि विक्रेते त्याचा हवाला का देतात तेही कळेल. परंतु प्रवाह सुरू असताना बोटे बटणांवर चालूच होती, ही बाब विक्रेते सांगत नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रयोग २००९ साली अमेरिकेत यानिने राइस, लिओनार्डो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निरोगी व्यक्तींनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक संवेदक दाबून पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या लक्ष्यांपर्यंत न्यायचा, तोही चटकन आणि अचूक, असा सराव लागोपाठ पाच दिवस होता. दररोज सरावाच्या वेळीच वीस मिनिटे प्रवाह दिला जाई. तुलनेच्या गटाला इलेक्ट्रोड लावलेले असत पण प्रवाह थोड्याच वेळात बंद होई. पाच दिवसांच्या अखेरीस खरा प्रवाह मिळालेला गट पुढे होता. आता हा फरक कोठून आला ते पाहावे. एकाच दिवसाच्या सरावात दोन्ही गटांची प्रगती फारशी वेगळी नव्हती. एका दिवसाचा सराव संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सुरू होईपर्यंत जे टिकले वा निसटले, मुख्यतः तेथे फरक पडला. म्हणजे प्रवाहाने त्यांना नवे काही शिकवले नाही, हाताने शिकलेले पक्के होण्यास त्याने मदत केली. तीन महिन्यांनी तपासले तेव्हाही त्या गटाची आघाडी कायम होती, मात्र विसरण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता.

असे का होते याचा एक धागा २०१० साली उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवर झालेल्या कामात सापडतो. मोटर कॉर्टेक्सच्या चकतीला नुसता दिष्ट प्रवाह दिला तेव्हा मज्जापेशींच्या जोडण्यांमध्ये टिकाऊ बदल घडला नाही. त्याच वेळी त्या जोडण्यांना हलकी चेतना देत राहिले तेव्हाच त्या बळकट झाल्या, आणि त्यासाठी बीडीएनएफ हे मेंदूतील वाढीला साहाय्य करणारे प्रथिन आवश्यक ठरले. माणसाच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. पट्टी लावून सोफ्यावर बसून मालिका पाहिली, तर प्रवाह ज्या सरावाला हातभार लावणार तो सरावच तेथे नसतो.

आमच्या व्यवसायातील एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. उपचार घ्यायला आलेल्या व्यक्तीचा पहिला प्रश्न बहुधा ‘आज मशीन लावणार ना?’ असा असतो. मशीन लावले म्हणजे पैसे वसूल झाले आणि नुसता व्यायाम करून घेतला म्हणजे ‘तेवढे तर घरीही झाले असते’, अशी समजूत पक्की आहे आणि आमच्यापैकी अनेकांनी ती धंद्याच्या सोयीसाठी जोपासली आहे. मेंदूची पट्टी विकणाऱ्यांना ही जमीन आयतीच नांगरलेली मिळाली.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचे उदाहरण देते. पक्षाघातानंतर त्यांच्या उजव्या हाताची चिमूट बसत नव्हती. चमचा, किल्ली, बटण या आमच्या नेहमीच्या साहित्यात त्यांचे मन रमेना, म्हणून त्यांना कापसाच्या वाती वळायला दिल्या. वात वळताना अंगठा आणि तर्जनी यांचा दाब क्षणोक्षणी बदलावा लागतो. जास्त झाला तर कापूस तुटतो, कमी पडला तर पीळ सुटतो. आधी डाव्या हाताचा आधार घेऊन, मग मांडीवर आणि मग नुसत्या उजव्या चिमटीत, असे करत त्या बऱ्यापैकी सरळ वात वळू लागल्या होत्या. मग त्यांच्या मुलाने अतिशय मायेने एक पट्टी ऑनलाइन मागवली. सकाळची वीस मिनिटे पट्टीला गेली, दुपारी ‘आज झाले आहे सगळे’ म्हणून कापूस बाहेर निघालाच नाही आणि पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा चिमूट पुन्हा सैल पडली होती. पट्टीने अपाय केला असे मी म्हणत नाही. तिने सरावाची जागा घेतली आणि माझ्या मते तिचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

मुलाने ती पट्टी मला दाखवायला आणली होती. तिचे दोन्ही इलेक्ट्रोड कपाळावर येत होते. हाताच्या हालचालींचा भाग कपाळामागे नसतो. कानापासून टाळूच्या मध्यापर्यंत डोक्यावर रेषा काढली तर तो त्या रेषेवर निम्म्याहून थोडा वर, केसांखाली येतो आणि उजव्या हातासाठी डाव्या बाजूचा भाग पाहावा लागतो. प्रयोगशाळेत त्या जागेवर मिठाच्या पाण्यात भिजवलेला, बहुधा पाच बाय सात सेंटिमीटरचा स्पंज ठेवतात आणि दुसरा स्पंज विरुद्ध बाजूच्या भुवईवर येतो. स्पंज कोरडा पडला तर प्रवाह त्वचेच्या एखाद्याच ठिपक्यात एकवटून भाजण्याची शक्यता असते, आणि पाणी ओघळले तर प्रवाह भलतीकडेच पसरतो. आपल्याकडे केसांना तेल चोपडलेले असते, तेही संपर्क बिघडवते. हे सारे जमून आले तरी प्रवाहाचा मोठा भाग त्वचा आणि कवटी यांतूनच निघून जातो आणि मेंदूपर्यंत थोडाच पोहोचतो. मनगटी घड्याळासारखी ही वस्तू घातली की झाले, असे नाही.

जो प्रवाह पोहोचतो त्याचा परिणामही सर्वांवर सारखा होत नाही. लंडनमध्ये ५३ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या लोकांवर दोन मिलिअँपिअरच्या प्रवाहाचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही, आणि उरलेल्यांमध्ये धन काय नि ऋण काय, दोन्ही इलेक्ट्रोडनी प्रतिसाद वाढवला. ‘धन म्हणजे वाढ, ऋण म्हणजे घट’ हा पाठ्यपुस्तकी नियम माणसागणिक डळमळतो. मात्रेचे गणित तर त्याहून अवघड आहे. १३ मिनिटांऐवजी सलग २६ मिनिटे धन प्रवाह दिला तेव्हा परिणाम दुप्पट होण्याऐवजी उलटला आणि प्रतिसाद घटला, असे ग्योटिंगेनच्याच गटाला २०१३ साली आढळले. ‘थोडे चांगले तर जास्त अधिक चांगले’ या भावनेने परीक्षेच्या आदल्या रात्री दोनदा पट्टी लावणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार?

पक्षाघाताच्या रुग्णांबाबतचे चित्र संमिश्र आहे, आणि ते मी दोन्ही बाजूंनी मांडते. ऑक्सफर्डच्या गटाने २०१६ साली पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या २४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सर्वांना नऊ दिवस हाताचा सराव दिला, निम्म्यांना त्यासोबत खरा प्रवाह दिला. वस्तू उचलणे, पकडणे, ठेवणे अशा प्रत्यक्ष कामाच्या दोन चाचण्यांत प्रवाह मिळालेला गट तीन महिन्यांनंतरही पुढे राहिला, मात्र हाताच्या मूळ दुर्बलतेचे मोजमाप करणाऱ्या चाचणीत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. हे वाचून माझ्यासारख्यांना आशा वाटली होती. पुढे अमेरिकेत अनेक केंद्रांवर मिळून ‘ट्रान्सपोर्ट-२’ ही मोठी चाचणी झाली. तिच्यात सुमारे १३० रुग्णांचे तीन गट केले, एकाला दोन मिलिअँपिअर, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला प्रवाहाचा नुसता देखावा, आणि तिन्ही गटांना चांगला हात मोज्यात अडकवून दुर्बळ हाताकडून काम करून घेण्याचा कसून सराव दिला. तिन्ही गट सुधारले, पण प्रवाह मिळालेल्यांत देखाव्याच्या गटापेक्षा अधिक सुधारणा आढळली नाही.

या निकालाने टीडीसीएसचा अध्याय संपला असे मला वाटत नाही. जागा, वेळ आणि व्यक्ती नेमकी निवडली तर काहींना लाभ होईलही, आणि बंगळूरुच्या निम्हान्ससारख्या संस्थेत मनोविकारांसाठी याच तंत्रावर गंभीरपणे काम झालेले आहे. परंतु त्या चाचणीतील तिन्ही गटांना जे समान मिळाले होते, म्हणजे दुर्बळ हाताला रोजचे काही तास काम, तेच आपल्या शहरातील बहुतेक रुग्णांना मिळत नाही. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलातून नौपाड्यात अर्ध्या तासाच्या उपचारासाठी यायचे तर चाकाची खुर्ची, रिक्षा, वाहतूक कोंडी आणि सोबत येणाऱ्याची एक रजा, एवढे सगळे जुळावे लागते. मग आठवड्याचे दोन दिवस एकावर येतात आणि नंतर पट्टीची जाहिरात दिसते. तिला भुलणाऱ्यांना मी दोष देत नाही. ती त्यांच्या घरापर्यंत पोहोचते, आम्ही पोहोचत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ठाणे महापालिकेला आहे. शहरात जागोजागी महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत. त्यांपैकी काही ठिकाणी आठवड्यातून तीन-चार दुपारी फिजिओथेरपिस्ट बसवून रुग्णांचा गटाने सराव घेता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. टेबल, खुर्च्या, पेले, किल्ल्या, कपड्याचे चिमटे, मोजा आणि लक्ष देणारा माणूस एवढ्यावर काम सुरू होते, आणि घरच्या माणसाला शेजारी बसवून शिकवले तर तोच सराव घरीही चालू राहतो. कळव्याच्या महापालिका रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. आपल्याकडच्या रुग्णांना सरावासोबत प्रवाहाचा काही लाभ होतो का, हे तेथे नैतिकता समितीच्या संमतीने आणि तुलनेचा गट ठेवून रीतसर तपासता येईल. तशी चाचणी झाली तर माझ्या रुग्णांना तिकडे पाठवायला मी आनंदाने तयार आहे.

दुसरी विनंती अन्न व औषध प्रशासनाला आहे. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पण आजींच्या मुलाने आणलेल्या खोक्यावर ‘उपचार’ हा शब्द शोधूनही सापडला नाही; ‘वेलनेस’, ‘फोकस’ आणि ‘परफॉर्मन्स’ असे शब्द होते, आणि लुळा हात सुधारण्याची गोष्ट जाहिरातीच्या व्हिडिओत तेवढी होती. ही पळवाट युरोपने ओळखली. वैद्यकीय हेतू सांगितलेला नसला तरी मेंदूला वीज किंवा चुंबकत्व देणारी उपकरणे सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतील, असे युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ठरवले. आपल्याकडेही तेवढी स्पष्टता यावी. तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाताशी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. बॅडमिंटन वर्गाच्या बाहेर आणि टायपिंगच्या क्लासच्या जिन्यात ज्यांची पत्रके वाटली जात आहेत त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यास पालकांनी कचरू नये.

आपल्यालाही एक विनंती आहे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे ठसठशीत छापावे. आरोग्यविषयक मजकूर असेल तर ते दुप्पट आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रात छापून आले म्हणजे खरे, असे मानणारी एक पिढी अजून आहे आणि पक्षाघाताचे बहुसंख्य रुग्ण त्याच पिढीचे आहेत.

ज्यांनी अशी पट्टी आधीच विकत घेतली आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे लिहिते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेल्या ३३ हजारांहून अधिक सत्रांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात गंभीर अपाय आढळला नाही; खाज, मुंग्या, त्वचेची लाली, डोकेदुखी अशा किरकोळ तक्रारी होत्या. पण ती सत्रे निवडलेल्या व्यक्तींवर आणि तपासलेल्या उपकरणांनी झालेली होती. त्याच वर्षी ३९ संशोधकांनी ‘अॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात खुले पत्र लिहून घरच्या घरी असे प्रयोग करणाऱ्यांना सावध केले होते. प्रवाह हव्या त्या भागापुरता राहत नाही, त्या वेळी आपण काय करत आहोत यावर परिणाम अवलंबून असतो, आणि एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते, असे त्यात म्हटले होते. तेव्हा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी, डोक्यात धातूची पट्टी, क्लिप किंवा शंट (मेंदूतील जादा पाणी काढणारी नळी) असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. वाढत्या वयाच्या मुलांना तर ती देऊच नये. जखम, पुरळ किंवा खरचटलेल्या त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवू नये आणि चटका बसू लागला तर लगेच थांबावे. पक्षाघाताच्या रुग्णाने आपल्या न्यूरॉलॉजिस्टला यंत्र प्रत्यक्ष दाखवावे आणि इलेक्ट्रोड कोणत्या जागी ठेवायचा, किती मिलिअँपिअर, किती मिनिटे आणि त्या वेळी हाताने कोणते काम करायचे, हे लिहून घ्यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर यंत्र कपाटात ठेवावे आणि ती वीस मिनिटे हाताच्या कामाला द्यावीत.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट,
नौपाडा, ठाणे (प.)